आरोग्यविद्यांचे पदव्युत्तर शिक्षण : पदवी आहे, पद कोठे आहे?

आरोग्य क्षेत्रातील पदव्युत्तर शिक्षण म्हटले की आपल्यापुढे एम.डी. आणि एम.एस. या दोनच पदव्या उभ्या राहतात. 'नीट-पीजी' परीक्षेचा निकाल जाहीर झाला की वृत्तपत्रांतून जागांची, प्रवेशफेऱ्यांची आणि पात्रता-गुणांची चर्चा कित्येक आठवडे चालते. त्याच वर्षी, पुष्कळदा त्याच सार्वजनिक विद्यापीठात, परिचर्या, भौतिकोपचार, व्यवसायोपचार, वाक्-श्रवणशास्त्र, चिकित्सालयीन मानसशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य या विषयांतील पदव्युत्तर प्रवेशही पार पडत असतात. त्यांची मात्र बातमी होत नाही.

ही उपेक्षा रुग्णाला कशी भोवते, हे एका उदाहरणावरून लक्षात येईल. पक्षाघाताचा झटका आलेल्या रुग्णाच्या बाबतीत पहिले काही तास चेतासंस्थेच्या तज्ज्ञ डॉक्टरांचे असतात. तेथून पुढचे कित्येक महिने मात्र इतरांचे असतात. त्याच्या पाठीला शय्याव्रण होऊ न देणारी परिचारिका, त्याला पुन्हा उभे करणारा भौतिकोपचारतज्ज्ञ, हाताने घास घेण्यास शिकविणारा व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि हरवलेली वाचा परत मिळवून देणारा वाचाउपचारतज्ज्ञ यांच्यावर त्याचे उर्वरित आयुष्य अवलंबून असते. या सर्वांना पदवीपर्यंत कोणी शिकवायचे? ज्यांनी त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतले आहे, त्यांनीच. म्हणजे पदव्युत्तर शिक्षण हा आरोग्यसेवेच्या शिखरावरील कळस नसून तिच्या पायातील दगड आहे, आणि तो कितपत पक्का बसला आहे, याची तपासणी होणे आवश्यक आहे.

आरंभ दमदार होता

या शिक्षणाची आपल्याकडील परंपरा वाटते त्यापेक्षा जुनी आहे. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने कोलकाता येथे अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था १९३२ साली स्थापन झाली. डॉक्टरांना पदवीनंतर सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण देणे हे तिचे प्रमुख कार्य होते. १९४६ साली भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी दिल्लीत परिचर्येचे पदवी महाविद्यालय सुरू झाले. आज राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या महाविद्यालयात दिल्ली विद्यापीठाच्या अंतर्गत १९५९ साली परिचर्येचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर अवघ्या बारा वर्षांत परिचारिकेला विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी मिळू लागली, ही गोष्ट आज फारशा कोणाच्या स्मरणात नाही.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमला निंबकर यांच्या प्रयत्नाने १९५० साली व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू झाले. बंगळुरू येथील अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत, म्हणजे आजच्या 'निम्हान्स'मध्ये, १९५५ पासून मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना रुग्णालयात प्रशिक्षण मिळू लागले. म्हैसूर येथे १९६५ साली वाक् व श्रवणाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली आणि म्हैसूर विद्यापीठाशी संलग्न झाली. यांपैकी प्रत्येक संस्था दर्जेदार होती. परंतु त्या एकेकट्या होत्या. जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत त्यांची सावली पोहोचावी, अशी व्यवस्था त्या काळी झाली नाही.

तीन किल्ल्या, तीन हात

पूर्वी वैद्यकीय महाविद्यालये मुंबई, पुणे, नागपूर, मद्रास, आंध्र अशा सर्वसाधारण विद्यापीठांना जोडलेली असत. १९८६ साली विजयवाडा येथे आरोग्य शास्त्रांचे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले आणि एक नवी वाट पडली. त्यामागून तामिळनाडूचे डॉ. एम.जी.आर. वैद्यकीय विद्यापीठ, १९९६ साली कर्नाटकाचे राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९८ साली नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि पुढे पंजाब, पश्चिम बंगाल, राजस्थान, केरळ आदी राज्यांची विद्यापीठे आली. संपूर्ण राज्यात एक अभ्यासक्रम, एक परीक्षा आणि एक वेळापत्रक हा त्यांचा निर्विवाद लाभ होय. वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, परिचर्या आणि भौतिकोपचार या शाखा प्रथमच एका छपराखाली आल्या, हेही खरे. मात्र त्या छपराखाली त्या एकमेकींशी फारशा बोलल्या नाहीत. शिवाय समाजशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र या विभागांशी असलेला जुना शेजार तुटला, तो कायमचाच. पदव्युत्तर संशोधनाच्या दृष्टीने हा तोटा लहान नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या विद्यापीठांचे अधिकार कोठवर चालतात, हे समजून घेतल्याखेरीज पुढील प्रश्न उलगडणार नाही. आरोग्य शास्त्रांतील पदव्युत्तर शिक्षणाला तीन किल्ल्या आहेत. अभ्यासक्रम व जागा यांची किल्ली राष्ट्रीय नियामक संस्थेकडे असते. वैद्यकासाठी ती २०२० सालापासून राष्ट्रीय वैद्यक आयोगाकडे आली. परिचर्येसाठी ती १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषदेकडे सोपविण्यात आली होती, आणि या क्षेत्रासाठी नवा आयोग नेमण्याचा कायदा २०२३ साली संमत झाला. परीक्षा व पदवी यांची किल्ली विद्यापीठाकडे असते. पदवी मिळाल्यानंतर ती धारण करणाऱ्यास कोणते काम द्यायचे, कोणत्या वेतनश्रेणीत घ्यायचे, याची तिसरी किल्ली राज्य शासनाच्या सेवाप्रवेश नियमांत असते. पहिल्या दोन किल्ल्या फिरल्या, परंतु तिसरी फिरलीच नाही, तर पदवी हाती येते आणि दार बंदच राहते. गेल्या काही दशकांत अनेक शाखांच्या बाबतीत नेमके असेच घडत आले आहे.

डॉक्टरांच्या बाबतीत दार आधी उघडते

वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षणाची रचना याच्या नेमकी उलट आहे. एम.डी.चा विद्यार्थी हा प्रवेशाच्या दिवसापासून निवासी डॉक्टर असतो. त्याला विद्यावेतन मिळते, रुग्णविभागात त्याचे स्थान ठरलेले असते आणि त्याच्याविना शासकीय रुग्णालयाचा कारभार एक रात्रही चालत नाही. पदवी तीन वर्षांनी येते, पद मात्र पहिल्याच दिवशी येते. या शिक्षणाचा विस्तारही मोठा झाला आहे. २०१४ पूर्वी देशात वैद्यकीय पदव्युत्तर जागा ३१,१८५ होत्या. २०२४ मध्ये त्या ७० हजारांहून अधिक झाल्या.

या व्यवस्थेची किंमत निवासी डॉक्टर आपल्या शरीराने मोजतात, हे येथे नमूद केले पाहिजे. सतत बारा तासांहून अधिक काम असू नये आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा असावी, असे केंद्राच्या १९९२ च्या निवासी योजनेत म्हटले होते. २०२४ साली वैद्यक आयोगाच्या राष्ट्रीय कृती दलाने आठवड्याला ७४ तासांहून अधिक काम देऊ नये, अशी शिफारस केली. बत्तीस वर्षांत शिफारशीचा आकडा कमी होण्याऐवजी वाढला, यावरून प्रत्यक्ष परिस्थितीची कल्पना यावी. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात कोलकाता येथील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कर्तव्यावर असलेल्या पदव्युत्तर विद्यार्थिनीची अत्याचार करून हत्या झाली, आणि विसाव्यासाठी सुरक्षित खोली यासारखी साधी गोष्टही या विद्यार्थ्यांच्या वाट्याला येत नाही, हे देशापुढे आले.

तरीही, शिक्षण आणि सेवा यांची सांगड कशी घालता येते, याचे दोन नमुने वैद्यकाच्याच क्षेत्रात सापडतात. पहिला नमुना जिल्हा निवासी कार्यक्रमाचा. २०२० साली अधिसूचित झालेल्या या तरतुदीनुसार एम.डी., एम.एस.च्या विद्यार्थ्याने आपल्या अभ्यासक्रमातील तीन महिने जिल्हा आरोग्य व्यवस्थेत काम करावयाचे असते. या काळातील विद्यावेतन त्याला मूळ महाविद्यालयाकडूनच मिळते. ज्या रुग्णालयात प्रत्येक तपासणी हात पुढे केल्यावर मिळत नाही, तेथे निदान कसे करावे, हे शिकण्यास तीन महिने फार नाहीत. पण काहीच नसण्यापेक्षा ते पुष्कळ आहेत.

दुसरा नमुना सेवांतर्गत जागांचा. शासकीय सेवेत दुर्गम भागात काम केलेल्या डॉक्टरांसाठी पदव्युत्तर प्रवेशात काही जागा राखून ठेवण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ऑगस्ट २०२० मध्ये मान्य केला. हा दावा तामिळनाडूतील वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या संघटनेने चालविला होता. पुढे जानेवारी २०२५ मध्ये, केवळ राज्यातील अधिवासाच्या आधारे पदव्युत्तर वैद्यकीय जागा राखणे घटनाबाह्य असल्याचा निर्णय त्याच न्यायालयाने दिला. त्यामुळे आपल्या खर्चाने तयार झालेला तज्ज्ञ आपल्याच जिल्ह्यात राहावा, असे वाटणाऱ्या राज्यापुढे सेवांतर्गत जागा आणि बंधपत्र हे मार्ग अधिकच महत्त्वाचे ठरले आहेत.

परिचारिका : पदवी घेऊन त्याच रुग्णविभागात

आता परिचर्येकडे वळू. परिचर्येतील एम.एस्सी. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. बी.एस्सी.नंतर किमान एक वर्ष प्रत्यक्ष सेवा केलेल्या परिचारिकेस त्याला प्रवेश मिळतो. वैद्यकीय-शल्य परिचर्या, बालपरिचर्या, प्रसूती व स्त्रीरोग परिचर्या, मानसिक आरोग्य परिचर्या आणि सामुदायिक आरोग्य परिचर्या अशा पाच शाखांतून ती एक निवडते, प्रबंधिका लिहिते, परीक्षा देते. निवासी डॉक्टरसारखे विद्यावेतन तिला बहुतेक ठिकाणी मिळत नाही. ज्या परिचारिकांना शासन स्वतः प्रतिनियुक्तीवर पाठविते, त्यांना वेतन चालू राहते. इतरांना नोकरी सोडून, शुल्क भरून हे शिक्षण घ्यावे लागते.

ती शिकून परत आल्यावर काय होते? महाराष्ट्राच्या शासकीय सेवेत परिचर्येचा संवर्ग अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशा पायऱ्यांनी वर चढतो. अन्य राज्यांत नावे निराळी असली, तरी जिना तोच आहे, आणि तो प्रामुख्याने सेवाज्येष्ठतेने चढावयाचा असतो. बालपरिचर्येत पदव्युत्तर पदवी घेतलेली परिचारिका नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागातच नेमली जाईल, अशी खात्री नियमांत नसते. तिची बदली उद्या अस्थिरोग विभागात होऊ शकते. तिच्या ज्ञानाला नियमांच्या भाषेत नाव नाही, म्हणून स्थानही नाही.

स्वाभाविकच ती दोन वाटा धरते. एक परदेशाची. दुसरी अध्यापनाची, कारण परिचर्या महाविद्यालयात प्राध्यापकाच्या श्रेणीसाठी एम.एस्सी. ही अनिवार्य अर्हता आहे. दुसरी वाट वरकरणी योग्य दिसते. पण तेथेही एक खोच आहे. वैद्यकशास्त्राचा प्राध्यापक हा स्वतः रुग्णविभागाच्या पथकाचा प्रमुख असतो; तो सकाळी रुग्ण तपासतो आणि त्याच रुग्णापाशी उभा राहून शिकवितो. परिचर्येची प्राध्यापिका महाविद्यालयात असते आणि रुग्णविभाग परिसेविकेच्या ताब्यात असतो. दोघींची आस्थापना वेगळी, वरिष्ठ वेगळे. जी शिकविते ती शुश्रूषा करीत नाही, आणि जी शुश्रूषा करते तिला शिकविण्याचा अधिकार नाही. विद्यार्थिनी पुस्तकात एक पद्धत वाचते आणि रुग्णविभागात दुसरी पाहते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये अध्यापिकांनी रुग्णविभागाची जबाबदारीही सांभाळण्याची परंपरा दीर्घकाळ चालत आली आहे. ती संस्था खासगी आहे; परंतु तिच्या या पद्धतीत खर्चिक असे काही नाही, आणि सार्वजनिक महाविद्यालयांनी ती उचलू नये याचे कारण आस्थापनेच्या कागदांखेरीज दुसरे दिसत नाही.

हे अंतर मिटविण्याचा एक प्रयत्न भारतीय परिचर्या परिषदेने २०१६ च्या सुमारास केला. अतिदक्षता विभागासाठी 'नर्स प्रॅक्टिशनर'चा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम तिने आखला. या अभ्यासक्रमात वर्गापेक्षा रुग्णविभागातील काम कितीतरी अधिक आहे. ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीच्या चौकटीत परिचारिकेने स्वतः निर्णय घ्यावा, ही त्यामागील कल्पना होय. प्रसूतिसेवेतही २०१८ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार अठरा महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेने सामान्य बाळंतपणाची जबाबदारी स्वतंत्रपणे पार पाडावी, असे ठरले. पहिली किल्ली फिरली, दुसरीही फिरली. मात्र या पात्रतेसाठी स्वतंत्र पदे निर्माण करणारी राज्ये अपवादात्मकच राहिली. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात वैद्यकीय महाविद्यालयांच्या जोडीला १५७ नवी परिचर्या महाविद्यालये उभारण्याची घोषणा झाली, तेव्हा तेथील अध्यापिका कोठून येणार, हा प्रश्न ओघानेच पुढे आला.

सार्वजनिक आरोग्य : एक राज्य वेगळे निघाले

पद आणि पदवी यांची गाठ बांधली की काय साधते, हे तामिळनाडूत पाहावयास मिळते. १९३९ चा मद्रास सार्वजनिक आरोग्य कायदा हा देशातील या प्रकारचा पहिला कायदा. त्या राज्यात सार्वजनिक आरोग्याचे संचालनालय रुग्णालयांच्या व्यवस्थेपासून स्वतंत्र आहे आणि आरोग्य अधिकाऱ्यांचा संवर्गही निराळा आहे. या संवर्गात पुढे जावयाचे, तर सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर अर्हता मिळवावी लागते. म्हणजे तेथे त्या पदवीला कपाटात ठेवण्याच्या प्रमाणपत्राचे रूप आले नाही. ती कामाची अट बनली. साथ आली असता जलस्रोत कोणी तपासावा, डासांची पैदास कोणी मोजावी आणि आदेश कोणी काढावा, याबद्दल संभ्रम राहत नाही.

इतर राज्यांत सामान्यतः शल्यचिकित्सक किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून आयुष्य घालविलेला डॉक्टर ज्येष्ठतेने जिल्ह्याचा आरोग्यप्रमुख होतो. उत्तम शस्त्रक्रिया करणाऱ्याला लसीकरणाची आकडेवारी वाचता येईलच, असे नाही. त्यात त्याचा दोषही नाही. तिरुवनंतपुरम येथील श्रीचित्रा तिरुनाल संस्थेच्या अच्युत मेनन केंद्रात १९९७ साली 'मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ' हा पूर्णवेळ अभ्यासक्रम सुरू झाला आणि त्यानंतर अनेक विद्यापीठांनी तो स्वीकारला. डॉक्टर नसलेल्यांनाही तो खुला असल्याने परिचारिका, समाजकार्यकर्ते, संख्याशास्त्राचे विद्यार्थी त्याकडे वळले. पण त्यांच्यासाठी शासनात नियमित पदे नव्हती. प्रकल्प आणि कंत्राट यांवरच त्यांची उपजीविका चालली. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सर्व राज्यांत सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापन संवर्गाची शिफारस केली, आणि कोविडच्या अनुभवानंतर २०२२ साली केंद्राने त्याबाबत राज्यांना मार्गदर्शक सूचनाही दिल्या. सूचना केंद्राची असली, तरी संवर्ग राज्यानेच निर्माण करावयाचा असतो.

नव्या कायद्याची कसोटी

भौतिकोपचार, व्यवसायोपचार, नेत्रविज्ञान, आहारशास्त्र, प्रयोगशाळा व क्ष-किरण तंत्रज्ञान आदी शाखांना तर २०२१ पर्यंत राष्ट्रीय पातळीवर नियामकच नव्हता. त्या वर्षी संमत झालेल्या कायद्याने या व्यवसायांचे दहा वर्ग पाडले. किमान २००० तासांचे शिक्षण घेतलेला तो संलग्न आरोग्य व्यावसायिक आणि किमान ३६०० तासांचे पदवी शिक्षण घेतलेला तो आरोग्यसेवा व्यावसायिक, असा भेदही कायद्याने स्पष्ट केला. राज्यांनी आपापल्या परिषदा स्थापन करावयाच्या होत्या. त्या कामी इतका विलंब झाला की, २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाला अंमलबजावणीचे निर्देश द्यावे लागले.

पदवीच्या नुसत्या नावानेही किती अनर्थ होऊ शकतो, हे चिकित्सालयीन मानसशास्त्राच्या उदाहरणावरून दिसते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात या तज्ज्ञाची व्याख्या करताना पदव्युत्तर पदवीनंतरच्या दोन वर्षांच्या एम.फिल.चा उल्लेख आहे. या एम.फिल.चा मूळ आशय रुग्णालयातील पर्यवेक्षित प्रशिक्षण हा असून इतर विषयांतील एम.फिल.शी त्याचे केवळ नामसाधर्म्य आहे. तथापि २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. सरसकट बंद केली आणि तिच्याबरोबर हाही अभ्यासक्रम अडचणीत आला. पुढे चिकित्सालयीन मानसशास्त्र आणि मनोविकार समाजकार्य या दोन विषयांपुरती २०२५-२६ च्या सत्रापर्यंत सवलत देण्यात आली. ज्या देशात या तज्ज्ञांची संख्या मुळातच अत्यल्प आहे, तेथे त्यांच्या शिक्षणाचे भवितव्य वर्षा-वर्षाच्या मुदतवाढीवर लोंबकळत राहावे, हे योग्य नव्हे.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. जिल्हा निवासी कार्यक्रम एम.डी., एम.एस.च्या विद्यार्थ्यांपुरता न ठेवता परिचर्या, भौतिकोपचार आणि वाचाउपचार यांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही लागू करता येईल. तीन महिने हे सर्वजण एकाच जिल्हा रुग्णालयात, एकाच पक्षाघाताच्या रुग्णाभोवती काम करतील, आणि आरोग्य विद्यापीठाच्या एका छपराखाली जे घडले नाही, ते रुग्णशय्येपाशी घडू शकेल. त्यासाठी विद्यापीठाने वेळापत्रक जुळवावे, नियामकाने तास मान्य करावेत आणि शासनाने विद्यावेतन द्यावे. चौथी गोष्ट सेवाप्रवेश नियमांतील आहे : विशिष्ट विभागातील विशिष्ट पदासमोर 'संबंधित शाखेतील पदव्युत्तर पदवी' एवढे शब्द लिहिणे.

तोवर या शिक्षणाकडे वळणाऱ्या तरुणांनी प्रवेशापूर्वी काही गोष्टी स्वतः तपासून घ्याव्यात. महाविद्यालयास पदवी अभ्यासक्रमाची मान्यता असली, म्हणून पदव्युत्तर अभ्यासक्रमाचीही आहे, असे गृहीत धरू नये. ती स्वतंत्रपणे पाहावी. संस्थेचे स्वतःचे रुग्णालय आहे काय, आणि असल्यास आपल्या विषयाचा विभाग तेथे प्रत्यक्ष चालू आहे काय, हे एकदा बाह्यरुग्ण विभागात जाऊन डोळ्यांनी पाहावे. मार्गदर्शक अध्यापक पूर्णवेळ आहेत की तपासणीच्या दिवसापुरते, हे जुन्या विद्यार्थ्यांकडून कळते. शासकीय सेवेत असलेल्यांनी अध्ययन रजा, प्रतिनियुक्ती आणि बंधपत्र यांच्या अटी प्रवेशाआधी लेखी मागवून घ्याव्यात, आणि परतल्यावर कोणत्या विभागात नेमणूक मिळेल, हा प्रश्न त्याच अर्जात विचारावा.